आत्याला कोल्हापूर दाखवताना

आत्या इंदूरला नांदायला गेली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. एका नोव्हेंबरात तिचा फोन आला, "नातवाला घेऊन येते आहे. त्याला आपलं कोल्हापूर दाखव."

पाहुणे यायचे म्हटलं की मी ठिकाणांची यादी करत नाही, वेळांची करतो. न्यू पॅलेस कुठल्याही दिवशी बघता येतो, रंकाळाही. पण ज्या कोल्हापूरवर माझा जीव आहे, ते ठरावीक घटकेलाच भेटतं. ती घटका चुकली की नुसत्या भिंती उरतात.

म्हणून आल्या रात्रीच त्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. रस्त्याकडेला काळ्याभोर म्हशी बांधलेल्या. गवळ्याने पेला खाली धरला आणि पहिली धार तळाशी टणकन वाजली. पेला भरत जातो तसा तो आवाज जाड होत जातो आणि शेवटी फेसात बुडून जातो. हाताला पेल्याची ऊब लागते, ती चुलीची नव्हे, म्हशीच्या अंगाची. पिशवीतल्या दुधावर वाढलेलं पोर एकदा म्हशीकडे, एकदा पेल्याकडे बघत राहिलं. आत्याने एका दमात पेला रिकामा केला, ओठांवरचा फेस पदराने टिपला आणि म्हणाली, "मी अजून एक घेतो."

घेतो! आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात: येतो, जातो, करतो. चाळीस वर्षं 'घेते' म्हणणारी आत्या एका पेल्यासरशी पुन्हा पेठेतली झाली. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. माझ्या मात्र घशाशी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खासबाग. शाहू महाराजांनी 1912 साली उभं केलेलं हे कुस्तीचं मैदान बशीसारखं उतरतं आहे. कुठंही बसा, मधली लाल माती सगळ्यांना सारखी दिसते. शेजारीच 1915 सालचं केशवराव भोसले नाट्यगृह. आत्याला आत जाऊन दोन मिनिटं बसायचं होतं. वडिलांचं बोट धरून तिने पहिलं नाटक इथंच पाहिलेलं. पण मला किरणोत्सव गाठायचा होता. "पुढच्या खेपेला निवांत बसू," मी म्हणालो.

वर्षातून दोनदा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी चरणांना लागतं, मग दिवसागणिक वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातं. देवळातले दिवे मालवले. ऊन फरशीवरून सरकत आलं, पितळी उंबरा ओलांडून कटांजनाच्या कठड्याशी पोचलं. लहान मुलंसुद्धा गप्प झाली. आणि तिथंच ते फिकं पडलं, विझलं. पश्चिमेला ढग आला होता. ढगाला इलाज नाही. पण या उन्हाच्या वाटेत माणसांनी मजले चढवावेत, गच्चीवर टाक्या ठेवाव्यात, हे मला सोसत नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणी तरी सूर्याची वाट मोजून दगड रचले. आपल्याला नुसती ती मोकळी ठेवायची आहे.

"उद्या येईल ऊन?" नातवाने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं.

2024 च्या 8 ऑगस्टच्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी रस्त्यावर गर्दीत उभा होतो, वर आभाळ तांबडं झालेलं. तेवढ्यात आत्याचा फोन आला. टीव्हीवर तिनेही पाहिलं होतं.

"आतलं काही राहील का रे?"

मला बोलता येईना. 'पुढच्या खेपेला' हे माझेच शब्द कानात घुमत होते. बराच वेळ दोघंही फोन धरून होतो.

"मी येतो," आत्या म्हणाली.