‘मी’ची खूण

ओटीपी काही येईना. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, चादरींचे एक कारखानदार दहा मिनिटं मोबाइलकडे टक लावून बसले होते. व्यापाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात शिरायचं होतं आणि तिथं नोंदवलेला नंबर जुना. तो त्यांनी वर्षभर रिचार्जच केला नव्हता. दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला, तर पलीकडे कुणीतरी अनोळखी बाई बोलल्या.

“म्हणजे मालक, माझा ओटीपी आता त्या बाईंना?”

सोलापुरात सगळेच एकमेकांचे मालक, त्यामुळे खरा मालक मलाच मालक म्हणत होता. मी मान हलवली. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणालातरी मिळतोच.

मी वेबसाइटी बांधतो. काही ठिकाणी मी पासवर्ड देत नाही, ओटीपी मागवत नाही. नुसता माझ्या वेबसाइटचा पत्ता टाकतो. समोरचं संकेतस्थळ माझं पान उघडून वाचतं. पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, माझी ओळख कुठं पटवून घ्यायची ते लिहिलेलं असतं. ते संकेतस्थळ मला तिकडे धाडतं. तिथं, माझ्याच दारात, मी ‘हो, मीच’ म्हणतो आणि काही मिनिटांपुरता जिवंत असलेला एक कोड घेऊन परततो. तो कोड खरा आहे ना, हेही ते माझ्याच दाराशी येऊन विचारतं. पासवर्ड घराबाहेर पडतच नाही.

या रीतीला इंडीऑथ म्हणतात. कल्पना त्याहून जुनी: ब्रॅड फिट्झपॅट्रिकनं २००५ मध्ये लाइव्हजर्नलसाठी ओपनआयडी काढलं, तेव्हाही आपला वेबपत्ता हीच ओळख होती. पुढे गूगल-फेसबुकची बटणं आली, लोकांना ती सोपी वाटली. स्टॅक ओव्हरफ्लोनं २०१८ मध्ये ओपनआयडीचा आधार काढून घेतला. त्याच वर्षी जानेवारीत आरन परेकीचं इंडीऑथ वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं टिपण म्हणून छापलं. मानक नव्हे, टिपणच. त्याचं मला वाईट वाटत नाही. थोड्या लोकांची गोष्ट आहे, थोड्यांतच राहील.

याहून साधी एक युक्ती आहे आणि माझा जीव तिच्यावरच आहे. आपल्या पानावरून आपल्या दुसऱ्या खात्याकडे लिंक द्यायची आणि त्या लिंकच्या ‘रेल’ या गुणधर्मात एकच शब्द लिहायचा: मी. इंग्रजी शब्द आहे, पण देवनागरीत लिहिला की आपलाच होतो. पहिल्यांदा टाइप करताना मी एकटाच हसलो होतो.

मात्र नुसतं मी म्हणून भागत नाही. त्या खात्यावरूनही माझ्या पानाकडे लिंक यावी लागते. लग्नाच्या मांडवात कुणालाही मामा म्हणता येतं, पण मामानं भाचा म्हणायला हवं ना! मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर नावाखाली हिरवी खूण दिसते ती याच हिशेबानं: दोन्हीकडून होकार.

मालकांना हे सगळं सांगितलं नाही. त्यांच्याच चादरीचा कोपरा दाखवला. कारखान्याचं नाव तिथं चिकटवलेलं नाही, जकार्डवर नक्षीबरोबर विणलेलं आहे. “लेबल उसवून दुसरं लावता येतं,” मी म्हटलं, “हे उसवायचं तर चादरच फाटेल.”

“मग मलाही तसंच करून द्या की.”

इथं मी जरा घुटमळलो. गेल्या पावसाळ्यात मी सर्व्हर बदलला आणि वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र आपोआप नवं होण्याची आज्ञा नव्या जागी द्यायची विसरलो. नव्वद दिवस भरले, माझं पान ‘असुरक्षित’ ठरलं, ओळख पटवणारं दार मिटलं. दुरुस्ती ज्या मंडळींना विचारायची त्यांच्याकडे शिरायचं तेही याच दारातून! किल्ली आत, आपण बाहेर. शेवटी पुण्यातल्या मित्राला फोन करून त्याच्याकरवी प्रश्न विचारला.

आणि विणलेल्या नावाची उपमा पुरती खरी नाही, हेही सांगणं भाग होतं. डोमेन, म्हणजे वेबपत्त्याचं नाव, विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. फार तर दहा वर्षांचं भाडं एकदम भरता येतं. चुकलं की तेही त्या मोबाइल नंबरासारखंच परक्याच्या दारात. फरक इतकाच की तारीख आधीपासून माहीत असते आणि भरणं आपल्या हातात असतं.

ते सांगितल्यावर मालक गप्प झाले. मग गल्ल्याशेजारची लाल वही ओढली. सूत, रंग, वीजबिल यांच्या खाली एक ओळ वाढवली: ‘नावाचं भाडं – गड्ड्याच्या आधी’. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, ती ते विसरणार नाहीत. त्यांचं डोमेन मी जानेवारीतच घेऊन दिलं.