लांबच्या वाटेने लवकर

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर मी वर्गात मुलांकडून कितीदा तरी मोजून घेतलं आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांशी दोरा ताणून धरायचा आणि तो कुठून जातो ते पाहायचं. हा दोरा पॅसिफिक ओलांडून जातच नाही. तिबेट, सैबेरिया ओलांडून तो आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कातून खाली उतरतो. अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. सपाट नकाशा बघत वाढलेल्या मुलांना हे चटकन पटत नाही. भूगोलाच्या वर्गात नकाशाच्या आधी गोल यायला हवा, असं मी निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले.

लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत निघाले, तेव्हाही डोक्यात तोच दोरा होता. पुण्याहून दिल्ली आणि तिथून पहाटेचं थेट विमान. समोरच्या पडद्यावर नकाशा लावला, तर आम्ही उत्तरेकडे वळलोच नव्हतो. विमान पूर्वेला, चीन आणि जपानच्या दिशेने चाललं होतं.

ही वाट एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये धरली. त्याआधी याच शहरांमधली उड्डाणं अटलांटिकवरून जात. पॅसिफिकची वाट त्याहून बरीच लांब, जवळजवळ १५,३०० किलोमीटर. तरी पहिलं उड्डाण साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे सुमारे दोन तास आधी. कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात, त्यातही जपानच्या आसपास, त्याचा जोर सर्वांत जास्त. तिथे तो कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी तो अहवाल एस्पेरान्तो भाषेत छापला आणि जगात तो फारसा कुणी वाचला नाही. इतक्या मोलाच्या कामाची अशी उपेक्षा व्हावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

जपान मागे पडल्यावर पडद्यावरचा वेग ताशी १,१०० किलोमीटरवर गेला. शेजारची मंडळी झोपली होती. मी मात्र तो आकडा बघत बसले. जे आयुष्यभर फळ्यावर बाण काढून शिकवलं, ते आता मला पाठीमागून ढकलत लेकीकडे नेत होतं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि ज्या तारखेला पहाटे दिल्ली सोडली, त्याच तारखेच्या सकाळी सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. विमानतळावरून थेट इस्पितळ. नात माझ्याआधी येऊन पोचली होती.

परतताना तोच वारा समोरून आला असता, म्हणून विमान कॅनडावरून वर, आर्क्टिकच्या बाजूने गेलं. ही वाट अंतराने कमी, तरी सोळा तासांच्या पुढे बसून राहावं लागलं. या वयात वरचे दोन तास गुडघ्यांना चांगलेच कळतात. लेक फोनवर म्हणाली, “आई, पुढच्या वेळी उन्हाळ्यात ये, इथे हवा छान असते.” मी तिला सांगितलं, जानेवारीतच येईन. त्या महिन्यात वारा माझ्या बाजूने असतो, आणि नातीचा वाढदिवसही तेव्हाच.