चार सामन्यांचा निकाल

गेल्या हिवाळ्यात आपाच्या मुलाचा फोन आला. आपा बरीच वर्षं कॅनडात आहे, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात. भाचा तिथंच वाढला. घरात उर्दू बोलतो, मराठी समजते, आणि डोक्यात एकच वेड: बर्फावरची हॉकी. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, हिरवं मैदान आठवतं. त्याची हॉकी वेगळी. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी पक नावाची रबराची जाड चकती, आणि दर चाळीस-पन्नास सेकंदांनी खेळाडू बदलावे लागतील इतका वेग.

"मामू, आमच्या टीमनं खालच्या लीगमधून एक पोरगा वर बोलावला होता. फॉरवर्ड आहे. चार मॅच खेळला, एक गोल नाही. काही दम नाही त्याच्यात. परत पाठवला ते बरंच झालं."

मी म्हणालो, "चार मॅचमध्ये कळलं तुला?"

"मामू, दिसतंच ना!"

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर ते 'दिसतंच ना' कानात राहिलं. हे वाक्य मी स्वतः शाळेच्या स्टाफरूममध्ये कितीदा बोललो आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यातल्या एका वेळेबद्दल पुढे सांगतो. आधी त्या हॉकीबद्दल.

तिकडे नॅशनल हॉकी लीग ही सगळ्यांत वरची पायरी. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग. वरच्या प्रत्येक संघाचा खाली एक जोडसंघ असतो. तरुण पोरं तिथं तयार होतात. वर कुणी जखमी झालं, कुणी फॉर्मात नसलं, की खालच्या एखाद्याला बोलावणं येतं. टोरांटोची गंमत अशी की वरचा संघ मेपल लीफ्स आणि खालचा मार्लीज, दोघेही एकाच शहरात. दोन मैदानांमध्ये फार तर चार-पाच किलोमीटर. अंतर एवढंच, पण ते पार करायला एखाद्याला अनेक वर्षं लागतात आणि कित्येकांना ते कधीच जमत नाही.

भाच्याला मी विचारलं होतं, तुमच्याकडे असं कुणी झालं का, ज्याला सुरुवातीला लोकांनी मोडीत काढलं आणि तो नंतर मोठा झाला? तो लगेच म्हणाला, "कादरी!" मग मी वाचत गेलो.

नाझिम कादरी. जन्म ६ ऑक्टोबर १९९०, कॅनडातल्या लंडन शहरात. घराणं मूळचं लेबनॉनचं, मुस्लिम. २००९ मध्ये लीफ्सनं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत सातव्या क्रमांकावर घेतलं. टोरांटोचा संघ १९६७ नंतर एकदाही स्टॅन्ली कप जिंकलेला नाही. अशा शहरात अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर केवढं ओझं येत असेल, ते बघा. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला एका सामन्यापुरतं वर खेळवलं. त्या हिवाळ्यापासून खाली-वर सुरू झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये मार्लीजमधून बोलावणं आलं. पासवर पास देत होता, पण गोल काही होईना. वरच्या लीगमधला पहिला गोल यायला मार्च २०११ उजाडला. त्या मोसमात वर २९ सामने, ३ गोल. पुढच्या मोसमात २१ सामने, ५ गोल.

आता याच दोन मोसमांत हाच मुलगा खाली मार्लीजकडून खेळताना काय करत होता? तिथं गोल आणि गोलाला मदत करणारा पास, दोन्ही मिळून जवळपास दर सामन्याला एक गुण. म्हणजे हात तेच, पाय तेच, डोकं तेच. मग वर गेल्यावर काय झालं?

लोकांनी सोपं उत्तर काढलं: हा खालच्या लीगपुरताच आहे.

पण जाणकार माणूस अशा वेळी काय बघतो, हे मला भाच्याशी बोलताना आणि वाचताना हळूहळू कळलं. पहिलं, त्याला बर्फावर किती मिनिटं मिळाली? एक सामना साठ मिनिटांचा. पहिल्या फळीतला फॉरवर्ड वीसेक मिनिटं खेळतो, नव्यानं आलेल्याला कधी कधी आठ-नऊच मिळतात. आठ मिनिटांवाल्याचे आणि वीस मिनिटांवाल्याचे गोल एका तराजूत कसे तोलायचे? दुसरं, तो कुणाच्या जोडीनं खेळला? खाली जो पहिल्या फळीचा राजा असतो, त्याला वर चौथ्या फळीत ढकलतात. तिथं काम गोल करण्याचं नसतं, धक्के देण्याचं आणि समोरच्याला अडवण्याचं असतं. तिसरं, नशीब. पक खांबाला लागून बाहेर गेला की आत गेला, यात बोटभर अंतर असतं. पन्नास सामन्यांत हे थोडंफार समान होतं, चार सामन्यांत होत नाही. म्हणून नुसते गोल न मोजता, त्याला संधी मिळतात का, तो योग्य जागी पोहोचतो का, पक त्याच्याकडे असताना समोरचे मागे सरकतात का, हे बघायचं. चौथं, वय. वीस वर्षांचा मुलगा आणि सव्वीस वर्षांचा तयार गडी यांच्या चुका सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात.

आणि पाचवं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं: चूक कोणती आहे? कादरीला पक घेऊन तीन-तीन जणांना चकवण्याची हौस होती. खाली ते जमायचं, कारण तिथं विचार करायला थोडा वेळ मिळतो. वर तोच वेळ मिळत नाही आणि पक समोरच्याच्या हाती जातो. ही चूक खरीच होती, प्रशिक्षक वैतागायचे ते काही उगाच नाही. पण ही जास्त येणाऱ्याची चूक आहे, काहीच न येणाऱ्याची नव्हे. एक सवय मोडावी लागते. दुसऱ्यात जे नाही ते कुठून आणणार?

सप्टेंबर २०१२ मध्ये तर मार्लीजच्या प्रशिक्षकांनी त्याच्या अंगावरच्या चरबीबद्दल जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. वर्तमानपत्रांत छापून आलं. एकवीस वर्षांचं पोर, आणि सगळं शहर त्याच्या पोटाबद्दल बोलतंय! त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे वरची लीग जानेवारी २०१३ पर्यंत बंद होती. कादरी तोवर मार्लीजमध्ये घाम गाळत राहिला. लीग सुरू झाल्यावर ४८ सामन्यांचा तुटका मोसम झाला. कादरी सगळे ४८ खेळला. १८ गोल, २६ असिस्ट, एकूण ४४ गुण. आधीच्या तुकड्यातुकड्यांच्या ५१ सामन्यांत मिळून त्याचे गुण होते १९.

इथं मला माझा एक विद्यार्थी आठवतो. नाव सांगत नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. बरीच वर्षं झाली. आमच्या मुलांना मराठी येत नाही असा समज बाहेर आहे, तो खोडून काढायची मला खुमखुमी. त्या वर्षी तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी एक हुशार मुलगा तयार केला होता. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्याला ताप आला. मी नववीतल्या दुसऱ्या एका मुलाला उभं केलं. हा वर्गात फार छान बोलायचा. एखाद्या धड्यावर प्रश्न विचारला की पुस्तकातलं सोडून आपल्या गल्लीतलं उदाहरण द्यायचा, आणि अख्खा वर्ग वळून बघायचा. म्हटलं, हाच जाईल.

स्पर्धेत तो दोन मिनिटं बोलला आणि थांबला. पुढचं आठवेना. माईकची घरघर आणि सभागृहातली कुजबुज ऐकू येत होती. तो तसाच खाली उतरला. परतीच्या एसटीत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "काय सर, काय झालं?" मी म्हणालो, "वर्गापुरताच आहे तो. स्टेजचं काम नाही त्याचं. दिसलंच ना." आणि वळून बघतो तर तो दारात उभा. हातात हजेरीपट.

पुढच्या वर्षी मी त्याचं नाव घेतलं नाही. त्यानंही विचारलं नाही. दहावीचं सगळं वर्ष त्यानं वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही.

आता ते पाच प्रश्न मी स्वतःला विचारतो. वेळ किती मिळाला? दोन दिवस. काय बोलायला दिलं? दुसऱ्या मुलासाठी मी लिहिलेलं भाषण, ज्यात त्याच्या गल्लीतलं एकही उदाहरण नव्हतं. म्हणजे पहिल्या फळीच्या खेळाडूला मी चौथ्या फळीत उभं केलं. माईक आधी कधी हातात घेतला होता? नाही. वय? चौदा. आणि चूक कोणती? पाठ केलेलं विसरला. बोलता येत नव्हतं, असं नव्हे. बी.एड.ला आम्ही मूल्यमापनावर पानंच्या पानं लिहिली. शाळेत आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे तक्ते मी दरवर्षी भरतो. तक्ता भरणाऱ्या हातानं एका पोराचा संकलित निकाल दोन मिनिटांत लावून टाकला, याला काय म्हणायचं?

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की तो मुलगा पुढे मोठा वक्ता झाला. नाही झाला. तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बरं चाललंय, अल्हम्दुलिल्लाह. आणि हेही खरं की वरून बोलावणं आलेला प्रत्येक फॉरवर्ड कादरी होत नाही. बहुतेक जण चार सामने खेळून परत जातात आणि ते तसंच राहतं. त्यांना परत पाठवणारे प्रशिक्षक सगळे मूर्ख नसतात. शेवट गोड झालेली गोष्ट सांगून 'प्रत्येकात हिरा असतो' म्हणणं सोपं आहे. माझं म्हणणं तसं नाही. तो वक्ता झालाच असता, हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्यात वक्ता नव्हता, हे सांगायलाही माझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्याकडे होती फक्त दोन मिनिटं.

कादरीचीही गोष्ट २०१३ ला संपली नाही. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी बाद फेरीत बोस्टनविरुद्ध राग आवरला नाही म्हणून त्याच्यावर बंदी आली. २०१९ च्या उन्हाळ्यात टोरांटोनं त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. २०२१ च्या बाद फेरीत पुन्हा आठ सामन्यांची बंदी. तिशी गाठलेल्या त्या माणसाबद्दल पुन्हा लोक म्हणाले, दिसलंच ना. त्याच्या पुढच्याच मोसमात ७१ सामन्यांत ८७ गुण, त्याच्या कारकिर्दीतले तोवरचे सर्वाधिक. मे २०२२ मध्ये सेंट लुईसविरुद्धच्या सामन्यात समोरच्या गोलरक्षकाशी धडक झाली, तर त्याच्या धर्मावरून शिव्या आणि धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावं लागलं. पुढच्या सामन्यात त्यानं तीन गोल केले. मग अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि तशाच हातानं अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात जादा वेळेत त्यानं विजयी गोल मारला. जूनमध्ये कोलोरॅडोनं स्टॅन्ली कप जिंकला. त्या कपावर नाव कोरलं गेलेला तो पहिला मुस्लिम खेळाडू.

विजेत्या संघातल्या प्रत्येकाला कप काही काळ आपल्या गावी नेता येतो. कादरीनं तो लंडनला नेला, तिथल्या मशिदीतही नेला. याच शहरात वर्षभरापूर्वी, जून २०२१ मध्ये, संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर ते मुस्लिम आहेत म्हणून ट्रक घालण्यात आला होता. चार जण गेले होते. त्या मशिदीत तो चांदीचा कप बघायला आलेल्या पोरांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार करतो.

गेल्या जूनमध्ये माझा तो विद्यार्थी शाळेत आला होता. धाकट्या भावाला आठवीत घालायला. दाढी आली आहे, अंगानं भरला आहे. मी खुर्चीवरून उठलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. फॉर्म भरून झाल्यावर तो भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, हा घरात खूप बोलतो. लोकांसमोर अडखळतो. याला एकदाच उभं करू नका. तीन-चार वेळा करा."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "करीन, इन्शाअल्लाह." मग थोडं थांबून म्हणालो, "तुझ्या वेळी चुकलं माझं." तो हसला, म्हणाला, "जाऊ द्या सर, लहान होतो मी." मी लहान नव्हतो, एवढं मात्र मला तेव्हा म्हणता आलं नाही.

धाकटा आतापर्यंत परिपाठाला दोनदा उभा राहिला आहे. पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदाही अडखळला, पण थोडा उशिरा. मी माझ्या वहीत तेवढंच लिहिलं आहे: 'थोडा उशिरा'. निकाल लिहिलेला नाही.

भाच्यालाही मी परवा विचारलं, तुझ्या त्या चार मॅचवाल्या पोराचं काय? म्हणाला, "मामू, पुन्हा बोलावलंय त्याला." मी विचारलं, "मिनिटं किती मिळतायत?" तो जरा गप्प झाला. म्हणाला, "बघून सांगतो."