एकाच पिशवीतली औषधं

नर्सिंगच्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात श्वसनसंस्थेची औषधं एका प्रकरणात असतात, हाडांची दुसऱ्या आणि वेदनाशामकं तिसऱ्या. मुली ती तशीच पाठ करतात, पेपरात तशीच उतरवतात आणि पासही होतात. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात मात्र ही तिन्ही प्रकरणं एकाच नायलॉनच्या पिशवीतून बाहेर पडतात. म्हणून औषधांची ट्रॉली हातात देण्याआधी मी विद्यार्थिनींना एक काम लावते: पेशंटची पिशवी पलंगावर उपडी करा आणि एकेक वस्तू विचारून घ्या.

नेहमी दिसणारा नमुना सांगते. साठी ओलांडलेली बाई. जन्मात विडी ओढलेली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेला, त्यामुळे फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखीच झालेली. पिशवीत एक पंप, तो भरलेला की रिकामा हे घरात कुणालाच ठाऊक नाही. खोकल्याची अर्धी बाटली. कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. औषधाचं नाव दुकानातल्या उरलेल्या पट्टीवर राहून गेलेलं. ‘धाप वाढली की घ्यायची’ ती बारीक पांढरी गोळी. हाडांसाठी पावडरीची पाकिटं. गुडघ्यांसाठी एक गोळी, झोपेसाठी एक. छातीच्या, हाडांच्या आणि गावातल्या डॉक्टरांनी आपापल्या परीने बरोबरच दिलेलं असतं. सगळं एकत्र मात्र कुणी पाहिलेलं नसतं. ती संधी बहुतेक वेळा सिस्टरला मिळते, आणि गोळी देण्याइतकंच ते तिचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पंप. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी,’ हे मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की त्याचं उत्तर आता हिशेबानेच देते. सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या एका दाबात ते असतं १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध झालं. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. श्वासनलिकेला त्यातला थोडा वाटा मिळतो आणि तोवर हात थरथरायला, छाती धडधडायला लागलेली असते. एक कुंडी भिजवायला सगळ्या घरात पाणी सोडावं, त्यातला प्रकार. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं आणि काही मिनिटांत दम मोकळा होतो. या पंपाचा जन्मही मोठा घरगुती आहे. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने बापाला विचारलं, की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही? १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा देणारा इन्हेलर बाजारात आला.

अडचण एवढीच, की पंप वापरता यावा लागतो. ‘येतो ना वापरता?’ असं विचारलं की सगळे मान डोलावतात. म्हणून विचारायचं नाही, ‘आजी, करून दाखवा बरं’ असं म्हणायचं. मग खरं काय ते कळतं. आजी पंप न हलवता तोंडात धरतात, दाबतात आणि मग श्वास घ्यायला सुरुवात करतात. ओठांच्या कडेने पांढरा फवारा बाहेर निघून जातो. खरं तर पंप नीट हलवून आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत घ्यायला लागल्यावर दाबायचं, श्वास ओढतच राहायचा आणि दहा सेकंद रोखून धरायचा. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर मधे स्पेसरची नळी लावायची. स्पेसर लहान मुलांचा असतो ही समजूत मोडायला मात्र वेळ लागतो. कॅप्सूल घालून ओढायच्या रोटाहेलरचं याच्या बरोबर उलट: तिथे श्वास जोरात, झटक्यात ओढावा लागतो, नाहीतर भुकटी आतच राहते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, आणि त्यांचा दोष नसतो; कॅप्सूल गिळायचीच असते हे आपणच त्यांना आयुष्यभर शिकवलेलं असतं. कोकणातल्या पावसाळ्यात या कॅप्सूल आधीच सोलून डबीत ठेवू नयेत, हेही सांगावं लागतं. दमट हवेने भुकटी चिकटते.

दम्यात पंपांचे दोन प्रकार असतात. एकाने दम लगेच मोकळा होतो, दुसऱ्यातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवतं. लगेच गुण येतो तो पंप माणसं जपून ठेवतात आणि दुसरा सोडून देतात. ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून सांगितलं आहे, की मोठ्यांचा दमा नुसत्या दम मोकळा करणाऱ्या पंपावर चालवू नये, सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड हवंच. ते घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो. स्टेरॉइड म्हटलं की लोक पंपाला घाबरतात. पिशवीतली बारीक पांढरी गोळी मात्र बिनदिक्कत घेतात.

ती गोळी बहुतेक वेळा प्रेडनिसोलोनची असते. दमा उसळला तेव्हा डॉक्टरांनी पाच-सात दिवसांसाठी लिहिलेली. गुण इतका आला की जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं विकत आणली गेली. पाच दिवस तीच गोळी जीव वाचवते. महिनोन्महिने घेतली की साखर वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो आणि हाडं पोखरली जातात. हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांतच. एक दिवस बाई पाण्याची कळशी उचलते आणि पाठीचा मणका दबतो. इथे छातीचं प्रकरण संपून हाडांचं सुरू होतं, पण बाई तीच असते. आणखी एक: हे वाचून कुणी ती गोळी आज एकदम बंद करू नये. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की अंगातल्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने कमी करायची असते.

हाडांच्या औषधांत मला सगळ्यांत जास्त शिकवावं लागतं ते ॲलेन्ड्रोनेट. आठवड्याला ७० मिलिग्रॅमची एक गोळी, इतकं सोपं. पण ही गोळी उपाशीपोटी घेऊनही तिचा एक टक्कासुद्धा रक्तात उतरत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग वाया जातो आणि दुधाच्या चहाबरोबर हाती काही लागतच नाही. आपल्याकडे उठल्याउठल्या पहिला घोट चहाचा! म्हणून ठरलेल्या वारी उठल्यावर आधी गोळी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर किमान अर्धा तास खाणं-पिणं नाही, दुसरं औषध नाही, आडवं होणं नाही. वाकूनही काम नको. त्या दिवशी अंगणातली रांगोळी अर्ध्या तासाने घाला. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. हे नीट समजावून न देता ही गोळी हातात ठेवणं म्हणजे गोळी न देण्यासारखंच, उलट अपाय जास्त. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड त्या मानाने सुटसुटीत आहे, पण त्याआधी किडनीची तपासणी आणि दातांची पाहणी व्हायला हवी. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चुकवू नये. ते मधेच सोडलं की हाडांची घनता झपाट्याने उतरते आणि मणके मोडू शकतात.

पावडरीचं पाकीट म्हणजे डी जीवनसत्त्व, एका पाकिटात ६०,००० युनिट. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिटांची, म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचा शिधा. ते ‘आठवड्याला एक’ असतं. ‘पाकिटं आणलीत ना, मग रोज घ्या’ असा घरचा हिशेब झाला की रक्तातलं कॅल्शियम चढतं; उलट्या, मलावरोध, सारखी तहान, शेवटी गुंगी. मग म्हातारपणाने बरळते म्हणून बाईला घरातच ठेवलं जातं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, पण लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीसोबत घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीपासून तर चार तासांचं अंतर हवं.

आता दुखणं. मणका दबला, गुडघे धरले, की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची पाळी येते. मोठ्या दमेकऱ्यांपैकी साधारण ७ टक्के जणांना ॲस्पिरिन आणि या जातीच्या वेदनाशामकांनी दम्याचा जोरदार झटका येतो. विशेषतः ज्यांच्या नाकात मांस वाढलेलं असतं त्यांना. म्हणून दुखण्याची सुई भरण्याआधी मुलींनी दोन प्रश्न विचारायचे: दमा आहे का, आणि पूर्वी एखाद्या गोळीने धाप वाढली होती का? तिसरा प्रश्न मी जोडते: डोळ्यांत थेंब घालता का? काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलोलच्या थेंबांनीही श्वासनलिका आवळते, आणि डोळ्यांचे थेंब म्हणजे औषध, असं कुणाच्या मनातही येत नाही. रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आणि त्यावर हे वेदनाशामक असं त्रिकूट जमलं की किडनीची धडगत राहत नाही. (डायक्लोफेनॅकने माणसांबाहेरही उत्पात केला आहे. ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन भारतातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.) दमेकऱ्यांना साधारणपणे पॅरासिटामॉल सोसतं, पण २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि वजन कमी असेल किंवा दारू असेल तर त्याच्याही खूप अलीकडे थांबायचं. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, हे मोजताना विसरू नये.

वेदनेच्या वरच्या पायरीवर ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेन्टॅनिल. आमच्याकडे ही औषधं डबल लॉकच्या कपाटात असतात, ड्यूटी बदलताना अँप्युल मोजून घेतले जातात, रिकामी काचसुद्धा परत करावी लागते. हा बंदोबस्त योग्यच आहे, पण त्याच्या धाकाने कॅन्सरच्या पेशंटला कण्हत ठेवणं मला मान्य नाही. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. २०१४ च्या दुरुस्तीने उपचारासाठी अशी औषधं मिळण्याची वाट सोपी केली. वेदनेचं माप बघून तोंडाने दिलेलं मॉर्फिन माणसाला पुन्हा जेवायला, झोपायला, नातवंडांशी बोलायला मोकळं करतं. त्यासोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लागतंच. फेन्टॅनिलची पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं, आणि आपल्याकडे दुखलं की शेक हा पहिला उपाय.

या औषधांचा धोका पुन्हा श्वासाशीच येऊन भिडतो. आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. झोपेची गोळी त्यात भर घालते. अशा वेळी मी मुलींना बोटावरच्या ऑक्सिमीटरकडे बघून समाधान मानू देत नाही. ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा ९७ दिसतो आणि श्वास मिनिटाला आठवर आलेला असतो. घड्याळ धरून पूर्ण मिनिट छातीची हालचाल मोजायची. उतारा म्हणून नॅलोक्सोन जवळ हवं, पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून पेशंट जागा झाला तरी त्याच्याजवळून उठायचं नाही.

आणि ऑक्सिजनही औषधच आहे. चुलीच्या किंवा विडीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन आम्ही ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवतो. नातेवाइकांना तो आकडा कमी वाटतो आणि सिस्टर पलीकडच्या पलंगाशी गेली की कुणीतरी हळूच ऑक्सिजनच्या फ्लोमीटरचं गोल बटण फिरवतं. आकडा चढतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून बाई गुंगीत जाते. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने असे पेशंट वाढतात, तेव्हा ते गोल बटण सांभाळणं हेच आमचं मोठं काम होऊन बसतं.

डिस्चार्ज कार्डावर हे सगळं इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेलं असतं: ओडी, बीडी, एसओएस. ज्या आजींनी ते पाळायचं, त्यांना ते वाचता येत नाही. कुठली गोळी चहाआधी, कुठली जेवणाबरोबर, कुठली फक्त रविवारी, हे मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला फार तर दहा मिनिटं लागतात. घरी जाण्याच्या घाईत बिलाच्या खिडकीकडे धावण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरकडे ही दहा मिनिटं मागा. तिच्या हातात वेळ नाही असं दिसलं तरी मागा.