शिंपल्यांच्या चुऱ्यातील वसाहत

फुटका शिंपला हाती आला, की माझे मन इंग्लंडच्या दक्षिणेस, एडिस्टन दीपगृहाजवळील समुद्रतळाशी जाते. तेथे खडी व शिंपल्यांचा चुरा पसरला आहे. त्यात अंग पुरून, केवळ तोंड बाहेर काढून, सुमारे ५ सेंटिमीटर लांबीचा ॲम्फिऑक्सस हा प्राणी राहतो. १७७४ साली पालास या शास्त्रज्ञाने त्यास बिनशंखाची गोगलगाय मानले. पुढे तो पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा, म्हणजे आपलाच, दूरचा आप्त ठरला! चुऱ्याच्या फटींतून ताजे पाणी खेळते, म्हणून तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कृमीही त्याच्या शेजारी नांदतात. फटींत गाळ भरला, की ही वसाहत मोडते. मुलांनो, मृतांनी मागे ठेवलेल्या घरांच्या तुकड्यांत येथे जिवंतांचा संसार चालतो. मग त्या तुकड्यांना कचरा कसे म्हणावे?