मुलांचा दमा आणि वजनाचा काटा

मूल गुबगुबीत असले की ते निरोगी आणि हडकुळे असले की आजारी, ही आपल्या घरांतील फार जुनी समजूत आहे. ज्या मुलखात पोटभर अन्न हीच रोजची विवंचना होती, तेथे ती रूढ व्हावी यात नवल नाही. तथापि दम्याच्या बाबतीत ती फसवी ठरते, असे किलवणी व सिल्वासा येथील घरांतून फिरताना आम्हांला वारंवार जाणवले आहे.

या दोन गावांतील अंतर थोडे, पण मुलांच्या अंगलटीतील फरक मोठा. किलवणीच्या पाड्यांवरील वारली व कोकणा कुटुंबांतील मुले बहुधा काटकुळी. 2019-20 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दादरा-नगर हवेली व दमण-दीव या प्रदेशातील पाच वर्षांखालील दर 100 मुलांपैकी सुमारे 39 मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली होती. सिल्वासाकडे मात्र कारखाने आले, चाळी व इमारती उठल्या, मुलांच्या हाती वेफर्सची पाकिटे आली आणि खेळावयाचे अंगण गेले. तेथे वयाच्या मानाने जड झालेली मुलेही आता दृष्टीस पडतात.

अशाच एका दहा वर्षांच्या मुलाने आम्हांला एकदा हळूच विचारले, “फादर, मी जाडा आहे म्हणूनच मला दमा झाला ना?” शाळेतील सोबती त्याला चिडवीत. धाप लागली तरी तो कोणास सांगत नसे. पंपाने पोरगा सुजतो, असे शेजारणीने सांगितल्यावरून आईने त्याचा पंप बंद केला होता व रात्रीचे जेवणही निम्म्यावर आणले होते. एका रात्री त्याचा श्वास इतका कोंडला की त्याला रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागले. मुलगा वाचला; पण आईचा हेतू प्रेमाचाच होता, हे लक्षात घेतले म्हणजे अज्ञानाची किंमत किती, ते कळते.

वजनाचा व दम्याचा संबंध खराच आहे. छाती व पोट यांवर मेद साचला की श्वासपटल मोकळेपणी खाली सरकत नाही, फुफ्फुसे पुरती फुलत नाहीत. शिवाय मेदातून दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. अमेरिकेतील 5 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लठ्ठ मुलांना दमा जडण्याचा संभव प्रमाणशीर मुलांहून सुमारे एक चतुर्थांशाने अधिक दिसला. परंतु याचा अर्थ प्रत्येक जड मुलास दमा होतो असा नाही. आनुवंशिकता, धूळ, धूर, सर्दीपडसे ही कारणेही असतातच. त्या मुलास आम्ही हेच सांगितले, की बाळा, यात तुझा अपराध काही नाही.

पंपाविषयीचे भयही अनाठायी होय. पंपातील औषधाची मात्रा अत्यल्प असते व ती मुख्यतः श्वासनलिकांतच पोहोचते. अंगावर सूज व वजन येते ते बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या वा पातळ औषध दीर्घकाळ पोटात घेतल्याने. पंप बंद केला की दमा बळावतो, आणि मग तीच गोळी घेण्याची पाळी येते. धाप लागते म्हणून खेळ बंद करणेही असेच उलटते; बसून वजन वाढते व वजनाने धाप वाढते. वाढत्या मुलास उपाशी ठेवू नये. उंची वाढत असता वजन आहे तेथेच राहिले, तरी पुष्कळदा तेवढे पुरते.

आता काटकुळ्या मुलांकडे वळू. जन्मतः वजन कमी असलेल्या बालकाच्या श्वासनलिका अरुंद राहू शकतात. त्यात बंद घरातील चुलीचा धूर. अशा मुलाच्या छातीत घरघर ऐकू आली तर ती नुसती अशक्तता समजून टॉनिक देत बसू नये. दमा आहे म्हणून केळे, दही असे सर्वच पदार्थ तोडून त्याला अधिक रोडावू देणे हेही हिताचे नाही. आणखी एक गोष्ट आईबापांनी पक्की ध्यानात धरावी: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असून मुलाचे वजन घटत असेल, तर दमाच समजून स्वस्थ बसू नये. तो क्षय असू शकतो. त्याची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

म्हणून मुलाचे वजन व उंची वर्षातून दोनदा तरी मोजून वहीत लिहून ठेवावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा कमी असो वा जास्त, त्यावरून मुलास चारचौघांत बोलू नये. लाजलेले मूल धाप लपविते. आणि लपविलेली धाप कोणत्याही डॉक्टरास बरी करता येत नाही.