ताईच्या सायकलीचा डावा क्रँक

आमच्या घरी सायकल एकच आहे. ती ताईची आहे. ताई नववीत शिकते. हायस्कूल आमच्या वस्तीपासून चार किलोमीटर लांब आहे. एस.टी. वस्तीवर येत नाही, फाट्यावर थांबते आणि निघून जाते. ताई आठवीत गेली तेव्हा तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली. पुढच्या वर्षी मी पाचवीला त्याच शाळेत जाणार आहे. ताई म्हणाली आहे की ती मला कॅरिअरवर बसवून नेईल. म्हणून ती सायकल थोडी माझीपण आहे.

यंदा दिवाळीनंतर सायकल आजारी पडली. डावे पायडल मारले की कट् असा आवाज यायचा. प्रत्येक फेऱ्याला एक कट्. पायडल खाली जाताना मध्येच सटकायचे आणि ताईचा पाय घसरायचा. बाबांनी बाजारच्या गावी एका दुकानात सायकल दोनदा ठोकून आणली. एकदा तर त्यांनी आत पत्र्याचा तुकडा घालून दिला. आठ दिवस बरे चालले आणि पुन्हा कट् कट् सुरू झाले.

तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. आजी म्हणाली, "सायकल मोडलीच हाय तर पोरीला राहू द्या घरी. वेचणीला एक हात होईल. माघ गेला की बघू शाळेचं." बाबा काही बोलले नाहीत. ताई पण काही बोलली नाही, पण ती जेवलीच नाही. आमच्या वस्तीवरची एक मोठी मुलगी अशीच वेचणीपुरती घरी राहिली होती. ती परत शाळेत गेली नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आजोबा मात्र बोलले. ते म्हणाले, "रविवारपर्यंत मला वेळ द्या. सायकल घरीच नीट करू."

आमच्या आजोबांना सायकलीचे फार कळते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याच साली आजोबांनी पहिली सायकल घेतली होती. काळी, उंच, दांडीची. ती सायकल ते स्वतःच उघडायचे आणि स्वतःच जोडायचे. आता त्यांचे हात थरथरतात आणि जवळचे नीट दिसत नाही. म्हणून ते सांगत होते, ताई करत होती आणि मी बघून सांगत होते.

क्रँक म्हणजे काय ते आधी सांगते. पायडल ज्या लोखंडी हाताला बसवलेले असते तो हात म्हणजे क्रँक. सायकलीच्या पोटात एक आडवा दांडा असतो. दुकानदार त्याला एक्सल म्हणतात. एक्सलच्या दोन टोकांना दोन क्रँक असतात. क्रँक एक्सलवर पक्का राहावा म्हणून एक खिळीसारखी पिन आडवी ठोकतात. तिला कॉटरपिन म्हणतात. ती एका बाजूने सपाट आणि उतरती असते. कुऱ्हाडीचा दांडा हलू नये म्हणून आपण पाचर मारतो ना, तशी ही लोखंडाची पाचरच आहे. पाचर ढिली झाली की क्रँक हलतो, आणि हलत राहिला की त्याचे भोक मोठे होते. ताईच्या सायकलीचे तेच झाले होते. भोक गोल राहिले नव्हते, लांबट झाले होते. आजोबांनी बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "आता नवी पिन घालून भागायचं नाही. क्रँकच बदलावा लागंल. उजवा चांगला हाय, त्याला हात लावू नका."

मग आम्ही हत्यारे गोळा केली. आजोबा म्हणाले की काम निम्मे हत्यार निवडण्यात असते. घरात एक पक्कड, एक स्क्रू पाना, एक छोटी हातोडी आणि एक मोठा हातोडा होता. आजोबांनी पक्कड आणि स्क्रू पाना बाजूला ठेवायला लावले. पक्कड नटाचे कोपरे खाऊन टाकते. स्क्रू पान्याचा जबडा जोर लावला की थोडा सरकतो, आणि नट गोल होतो. गोल झालेला नट मग कोणालाच ऐकत नाही. म्हणून शेजारच्या नानांकडून रिंग पाने आणले. नाना मोटारपंपाचे काम करतात. आजोबांनी मला पाना नटावर बसवून हलवायला सांगितले. पहिला हलला. दुसरा बसलाच नाही. तिसरा बसला आणि हलला नाही. तोच बरोबर पाना.

हातोडा मोठा घेतला. मला वाटले छोटी हातोडी बरी, सायकलीला लागणार नाही. पण आजोबा म्हणाले, "हलक्या हातोडीचे वीस ठोके बसले की पिनचं डोकं छत्रीवाणी पसरतं, मग ती भोकातून निघतच नाही. जड हातोड्याचा एकच ठोका द्यावा, पण सरळ."

सगळ्यात महत्त्वाचे हत्यार आमच्या घरी नव्हतेच. ते म्हणजे लोखंडी पाइपचा तुकडा. सायकलीच्या पोटात एक्सलभोवती छर्रे असतात. क्रँकला खाली टेकू न देता हातोडा मारला तर तो मार छर्ऱ्यांना आणि त्यांच्या वाटीला बसतो. वाटीला खड्डे पडतात आणि सायकल कायमची जड चालते. म्हणून क्रँकच्या खाली पाइप उभा करायचा. पाइपचे भोक असे पाहिजे की पिन त्याच्या आत उतरली पाहिजे, पण क्रँक पाइपच्या काठावर टेकला पाहिजे. मग मार जमिनीत जातो. जालन्याला लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत. माझे मामा तिकडे कामाला आहेत. बाबांनी त्यांना फोन केला. मामांनी शनिवारी जाड पाइपचा तुकडा बरोबर मापाने कापून आणला. माप मीच घेऊन दिले होते. जमिनीपासून क्रँकच्या खालच्या बाजूपर्यंत पट्टीने मोजले, आणि आजोबांनी त्यातून एक इंच कमी करायला सांगितले. उरलेल्या जागेत फरशीचा तुकडा आणि लाकडी फळी सरकवता येते.

नवा क्रँक आणायला बाबा आणि मी गेलो. आजोबांनी जुनी पिन काढता येणार नाही म्हणून क्रँकचे माप लिहून दिले होते. एक्सलच्या मधोमधपासून पायडलच्या मधोमधपर्यंत साडेसहा इंच. दुकानदाराला "डावा पाहिजे" असे सांगायचे, कारण डावा आणि उजवा वेगळा असतो. पिनपण जाड आणि बारीक अशा येतात. म्हणून पिन त्या नव्या क्रँकच्या भोकात घालूनच घेतली. ढिली होती ती परत केली, नीट बसली ती घेतली.

शनिवारी रात्री आजोबांनी जुन्या पिनवर डिझेल आणि इंजिनचे तेल मिसळून सोडले. पूर्वी ते रॉकेल वापरायचे. आता रॉकेल मिळत नाही. रात्रभरात तेल आत मुरते आणि गंज सुटतो.

रविवारी सकाळी काम सुरू झाले. पहिले पायडल काढले. क्रँक सायकलवर असतानाच पायडल काढणे सोपे, कारण धरायला बरे पडते. इथे एक गंमत आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सगळे नट ज्या बाजूला फिरवून सुटतात त्या बाजूला डावे पायडल घट्ट होते. पायडल मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून असे केलेले असते. आजोबांनी लक्षात ठेवायची युक्ती सांगितली. पाना वर उभा धरायचा. पुढच्या चाकाकडे ओढला की घट्ट, मागच्या चाकाकडे ओढला की ढिले. ही युक्ती दोन्ही पायडलांना चालते. ताईने पाना मागे ओढला आणि पायडल सुटले.

मग क्रँक आडवा केला, असा की पिनचा नट वर आला. नट सोडवला, पण पूर्ण काढला नाही. पिनच्या टोकाबरोबर येईल एवढा ठेवला. त्यामुळे ठोका बसला तरी पिनचे आटे दबत नाहीत. खाली फरशी, फरशीवर पाइप, पाइपवर क्रँक. आईने सीट धरले, बाबांनी हँडल धरले. आजोबांनी हाताने चाचपून पाइप सरळ आहे का ते पाहिले. मी वाकून पाहिले आणि सांगितले की सरळ आहे. बाबा हातोडा घ्यायला पुढे झाले, तर आजोबा म्हणाले, "तिला मारू दे. रस्त्यात सायकल मोडली तर तू थोडाच जवळ असशील?"

ताईने हातोडा उचलला. एक ठोका मारला. काही झाले नाही. आजी दारातून बघत होती. ताईने पाय रोवले आणि दुसरा ठोका मारला. टण् आवाज आला आणि नट क्रँकला जाऊन भिडला. पिन सुटली होती! नट काढला, लाकडी खुंटीने पिन खाली ढकलली, ती पाइपात पडली. क्रँक हातानेच निघाला. आतून तो पत्र्याचा तुकडापण निघाला. तो चुरगळून काळा झाला होता.

नवा क्रँक बसवताना घाई करायची नाही. एक्सल कापडाने पुसले. नवी पिन लगेच ठोकली नाही. आजोबांनी चुलीच्या तव्याची काजळी बोटावर घेतली आणि पिनच्या सपाट बाजूला लावली. मग पिन आत घालून बाहेर काढली. जिथे काजळी पुसली गेली तिथेच पिन टेकत होती. एकाच कोपऱ्याला टेकत होती. ताईने तो कोपरा कानशीने थोडा घासला. परत काजळी, परत घासणे. असे चार वेळा केले. चौथ्या वेळेला काजळी सगळीकडून सारखी पुसली गेली. आजोबा म्हणाले, "आता बसली पाचर."

पिन कोणत्या बाजूने घालायची हेही बघावे लागते. उजवा क्रँक पुढे केला तेव्हा त्याचा नट वरच्या अंगाला होता. म्हणून डावा क्रँक पुढे केला तेव्हा त्याचाही नट वरच आला पाहिजे. उलटी घातली तर दोन क्रँक एका रेषेत राहत नाहीत, वाकडे दिसतात. मी लांब उभी राहून पाहिले. आमचे एका रेषेत होते.

ठोकताना क्रँक अर्धा फिरवला, म्हणजे पिनचे डोके वर आले. परत खाली पाइप ठेवला. दोन ठोके दिले. मग वायसर आणि नट. नटाने पिन ओढून आणायची नाही, त्याने आटे निघून जातात. पिन हातोड्याने बसवायची आणि नटाने फक्त राखायची. शेवटी पायडलच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ते बसवले, पुढच्या चाकाकडे ओढून.

ताईने सायकल अंगणातून रस्त्यावर नेली. आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. कट् आला नाही. ती पिंपळापर्यंत गेली आणि परत आली. आजोबांनी लगेच नट पुन्हा आवळायला लावला. नवी पिन थोडी चालल्यावर बसते, म्हणून सोमवारी शाळेतून आल्यावरही ताईने एकदा आवळला.

होय, सोमवारी ताई शाळेत गेली. आजीने तिला भाकरी बांधून दिली. वेचणीचे काम राहिले ते रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून केले.

मामांच्या मुलाची गिअरची सायकल आहे. तिच्यात कॉटरपिन नसते. तिच्या एक्सलचे टोक चौकोनी असते आणि क्रँक बोल्टने दाबलेला असतो. तिथे हातोडा चालत नाही, पुलर नावाचे हत्यार लागते. आधी बोल्ट आणि वायसर दोन्ही काढायचे, मग पुलर हाताने फिरवून पूर्ण आत बसवायचा आणि नंतरच पान्याने जोर लावायचा. अर्धा बसवून जोर लावला तर क्रँकचे आटे निघतात. म्हणजे सायकल बघून हत्यार घ्यावे.

कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी विचारले की घरी कोणते काम शिकलात. मी हे सांगितले. बाई म्हणाल्या, पाना म्हणजे तरफ आणि कॉटरपिन म्हणजे पाचर, ही साधी यंत्रे आहेत, हे भित्तिपत्रकासाठी लिहून काढ. म्हणून लिहिले.

बालमित्रांनो, आपल्या वस्तीवर मुलींच्या अजून चार सायकली आहेत. कोणाच्या पायडलचा कट् असा आवाज येत असेल तर थांबू नका. पिन ढिली असेल तेव्हाच बदलली तर क्रँक वाचतो आणि खर्च थोडका होतो. आमचा पाइप पडवीत खुंटीला टांगलेला आहे. तो कोणालाही मिळेल. फक्त काम झाले की परत आणून द्यावा.

— इयत्ता ४ थी